शेवटचं दार

शिवणकाकूंनी खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल सांगून टाकला. "माझा जावई आमचे सर्व्हर बंद पाडतोय. तुम्ही फक्त पुरावा शोधून द्या."

वहिनींना अशा गिऱ्हाइकांचा मनापासून वैताग होता. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. उत्तर हातात घेऊन येणारा माणूस खरा प्रश्न घरी ठेवून येतो, एवढं त्या तिथे नक्की शिकल्या होत्या. नोकरी सोडून त्यांनी लाँड्रीच्या वरच्या खोलीत खासगी तपासाचं ऑफिस थाटलं, तेव्हा मदतीला धाकटे दीर आले. भाऊजी स्वभावाने गरीब, चालीने सावकाश, आणि समोरचा शेवटचं जे बोलेल ते खरं मानणारे. काकूंचं वाक्य संपेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात जावयाला शिक्षासुद्धा सुनावली होती.

"आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगा," वहिनी म्हणाल्या. "जावई पळून जात नाही."

काकूंनी सांगितलं ते असं. इंटरनेटवर आपण कुठून बोलतोय हे कुणाला कळू नये, यासाठी एक जाळं आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातली हजारो माणसं आपल्या घरात, आपल्या खर्चाने एक छोटं यंत्र चालू ठेवतात, तोच सर्व्हर. कुणाचाही निरोप अशा तीन यंत्रांतून पुढे जातो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, तिसऱ्याला मुक्काम ठाऊक, सगळं कुणालाच ठाऊक नाही. या शहरात असे पाच जण होते. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे सर त्यांचे म्होरके, मग एक दातांचे डॉक्टर, एक छापखानेवाले, एक ग्रंथपाल बाई आणि स्वतः काकू. काकूंचं यंत्र शिवणाच्या क्लासात, कापडाच्या कपाटात होतं. गेल्या काही आठवड्यांत डॉक्टर, छापखानेवाले आणि ग्रंथपाल, तिघांचे सर्व्हर एकामागोमाग बंद पडले होते.

"आणि त्यात तुमचं काय अडलंय?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. त्यांच्या लेकीने नवऱ्याचा पुष्कळ मार खाल्ल्यावर एक दिवस घर सोडलं. ती कुठे आहे हे आईलाही माहीत नाही, आणि विचारायचं नाही असं दोघींत ठरलंय. दर शनिवारी संध्याकाळी या जाळ्यातून एका गप्पांच्या पानावर दोघी लिहून बोलतात. तेवढाच धागा. आणि जावई नेमका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीला.

"लाइन आधीच धड नव्हती," काकू म्हणाल्या. "चार गोष्टी होत नाहीत तोवर तिचं येतं, 'आई, लाइन तुटतेय, ठेवते.' की संपलं. मी सरांपुढे रडले, काहीतरी करा म्हणून. केलं म्हणे त्यांनी काहीतरी. पण त्यानंतर तर ही पडझडच सुरू झाली. आता सरांचा आणि माझा, दोनच उरलेत. उद्या तेही गेले तर माझी लेक मला अंतरली."

"जे बंद पडले, त्यांनी कारण काय सांगितलं?"

"विचारलं नाही."

"का?"

"आमचा नियम आहे. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, आपलं काही सांगायचं नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. पाच शहाणी माणसं, आणि पाचांची अळीमिळी गुपचिळी. काम घ्यावं की लाँड्रीवाल्याला साड्या मोजू लागावं, असा त्यांना क्षणभर खरोखरच प्रश्न पडला. पण काकूंचे डोळे पाहून त्यांनी काम घेतलं.

दातांच्या डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात आरसा धरूनच उत्तरं दिली. पेशंटला हलता येत नव्हतं आणि डॉक्टरांना थांबता येत नव्हतं. मागच्या महिन्यात दवाखान्यातून बँकेचं पान उघडेनासं झालं. मग औषधं मागवायची साइट गेली. मग विम्याची. प्रत्येक ठिकाणी एकच पाटी, तुमच्या पत्त्यावरून गैरप्रकार होत असल्याने प्रवेश बंद. काउंटरवरच्या मुलीने एक तर तो डबा राहील नाहीतर मी, असं ठणकावल्यावर त्यांनी डब्याची वायर उपटली.

"बाकीच्यांना का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू?" डॉक्टर म्हणाले, आणि पेशंटचं तोंड आणखी उघडायला लावलं. "सगळ्यांचं सुरळीत चाललेलं. माझंच यंत्र नाठाळ निघालं, असं वाटलं मला."

छापखानेवाले मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलत होते. त्यांना इंटरनेट कंपनीची नोटीस आली होती, की तुमच्या जोडणीवरून एका दुकानाच्या साइटवर हल्ला झाला, पुन्हा झालं तर जोडणी तोडू. छापखाना बंद पडला तर घरची चूल बंद, म्हणून त्यांनी सर्व्हर बंद केला. त्यांचा राग कंपनीपेक्षा नशिबावर जास्त होता.

"मी नुसता मधला हमाल हो," ते म्हणाले. "या हातातून घ्यायचं, त्या हातात द्यायचं. सरांनी सुरुवातीलाच शब्द दिला होता, घरगुती माणसांना मधलंच काम. साइटला दिसतं ते फक्त शेवटचं यंत्र, म्हणून शिव्या खातं तेही शेवटचंच. त्याला ते शेवटचं दार म्हणतात. मग मला कशी नोटीस?"

"यंत्रात तुम्ही काही फेरफार केला होता?"

"मला चालू-बंदचं बटण कळतं, बास. आतलं सगळं सर लांबून बघतात. मध्ये काहीतरी सुधारणा केली म्हणाले, मी मान डोलावली."

बाहेर पडताच भाऊजी थबकले. "वहिनी, नोटीस कोणत्या कंपनीची होती पाहिलंत? जावयाचीच. आता आणखी काय हवंय?"

"या शहरात निम्म्या घरांत तीच कंपनी आहे, भाऊजी. आपल्याकडेसुद्धा. चला."

ग्रंथपाल बाई कपाटांच्या मागे नेऊन कुजबुजत बोलल्या. त्यांच्या घरी साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले होते. सभ्य होते, चहा घेतला, जोडणी कोण कोण वापरतं ते विचारलं, जाळ्याबद्दल ऐकल्यावर बरं म्हणाले आणि गेले. पण ते गेल्यावर म्हाताऱ्या वडिलांनी विचारलं, तू काय केलंस गं? आयुष्यात एकही पुस्तक उशिरा परत न केलेल्या बाईंना तो प्रश्न फार लागला. सर्व्हर आता माळ्यावर होता, जुन्या गादीत गुंडाळलेला. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनीही कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

वहिनींचा पारा चढत चालला होता. तीन माणसं, तीन वेगवेगळे चटके, आणि तिघांनीही एकट्याने फुंकर घालत बसायचं ठरवलेलं.

जावई भेटला तो कंपनीच्या दुकानवजा ऑफिसात, नव्या जोडण्या विकायच्या टेबलाशी. हसतमुख, स्वच्छ शर्ट, आर्जवी आवाज. आपल्याला नवी जोडणी हवी असल्याचं वहिनींनी सोंग केलं, मग शिवणकाकूंनी इकडे पाठवलं म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा लगेच मऊ झाला.

"सासूबाईंनी? देवमाणूस आहेत हो. दर रविवारी जातो मी, भाजी पोचवतो, दोन घास खातो. त्यांचं आता आहे कोण?" मग जरा पुढे वाकून, "तिचं काही कळतं का त्यांना? तुम्हाला काही बोलल्या?"

नाही म्हटल्यावर त्याने थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं. क्लासातल्या कपाटात ते काय लुकलुकतं, असं वहिनींनी सहज काढलं, तर तो म्हणाला, टीव्हीचं काहीतरी असेल, त्यांना त्यातलं काय कळतंय. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. त्याने तो टेबलावर पालथा आपटला. पुढच्याच क्षणी तो पुन्हा हसत होता. शेजारच्या टेबलाची मुलगी दचकलीसुद्धा नाही. तिने फक्त आपला पाण्याचा ग्लास उचलून लांब ठेवला.

"बिचारा," भाऊजी रस्त्यावर आल्यावर म्हणाले. "इतका वाईट वाटत नाही हो."

"सकाळी तुम्ही त्याला तुरुंगात घातलं होतंत."

"तेव्हा तो भेटला नव्हता."

वहिनी भराभर चालू लागल्या. दर रविवारी, हे त्यांना खटकलं होतं. काकूंनी जावयाबद्दल एवढं सांगितलं, पण तो दर आठवड्याला घरी येऊन जेवतो हे शब्दाने सांगितलं नव्हतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही गिऱ्हाइकांची जातच आहे, असं म्हणत त्या कॉलेजकडे वळल्या.

सर फळा पुसत होते. पुसून झालेला फळा ते वहिनी असेपर्यंत पुसतच राहिले. पूर्वी त्यांनी कॉलेजात शेवटचं दार चालवलं होतं, ते त्यांनी कबूल केलं. तक्रारींचा इतका भडिमार झाला की प्राचार्यांनी ते बंद करायला लावलं. आता घरी साधा, मधला सर्व्हर आहे. त्याचा काही त्रास नाही. तिघांचे का पडले? सरांनी मान हलवली. नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी शिवणाचा क्लास सुटल्यावर वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. शिलाई मशीनच्या रांगांमधून, मुलींच्या स्टुलांवर पाच जण अवघडून बसले. यातले बरेच जण एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखत होते. डॉक्टरांनी ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही? मागच्याच आठवड्यात तुमची दाढ काढली की मी." बाई लाजल्या. दोघांनी तो तासभर एकच दुःख पोटात घेऊन काढला होता, एकाने तोंड बंद ठेवून आणि दुसरीने उघडं ठेवून.

"आता नियम मोडायचा," वहिनी म्हणाल्या. "ज्याचं त्याने काय झालं ते मोठ्याने सांगायचं."

डॉक्टरांनी बंद झालेली बँक सांगितली. छापखानेवाल्यांनी नोटीस सांगितली. ग्रंथपाल बाईंनी पोलीस सांगितले, आणि सांगताना प्रथमच त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सांगून झाल्यावर तिघं एकमेकांकडे पाहत राहिले.

"ही तीन दुखणी नाहीत," वहिनी म्हणाल्या. "एकच आहे. बँकेची बंदी, कंपनीची नोटीस, पोलिसांची चौकशी, या तिन्ही गोष्टी कुणाच्या वाट्याला येतात? ज्याचं यंत्र समोरच्या साइटला दिसतं त्याच्या. म्हणजे शेवटच्या दाराच्या. तुम्ही तिघं स्वतःला मधले हमाल समजत होता. कधीतरी, तुम्हाला न विचारता, तुम्हाला दारावर उभं केलं गेलं."

"जावयाने," भाऊजी म्हणाले.

"त्याला कपाटातला डबा टीव्हीचा वाटतो, भाऊजी. आणि समजा, त्याला सगळं ठाऊक असतं. मग त्याने पहिला घाव कुठे घातला असता? सासूच्या सर्व्हरवर. पण काकूंच्या यंत्राला साधा ओरखडा नाही. बँक चालते, नोटीस नाही, पोलीस नाहीत. तीन पोळले आणि दोन वाचले. वाचवणारा कोण, ते शोधायचं होतं. यंत्रांच्या आत लांबून हात घालता येतो तो एकाच माणसाला. 'सुधारणा' केली तीही त्यानेच. आणि जावई त्या कंपनीत आहे, काकूंच्या नावाची तक्रार आली तर ती त्याच्या नजरेस पडेल, एवढा विचार जो करेल तो काकूंचा शत्रू नव्हे. हितचिंतक आहे. दुर्दैवाने."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि शेजारचं शिलाई मशीन पुसायला घेतलं.

"पुसू नका," वहिनी म्हणाल्या. "बोला."

"काकू रडल्या हो माझ्यापुढे," सर म्हणाले. "जाळ्यात शेवटची दारं नेहमीच कमी असतात. मला वाटलं, दारं वाढली तर त्यांची लाइन सुधारेल. तिघांना विचारलं असतं तर तिघंही नाही म्हणाले असते."

"म्हणून विचारलं नाहीत. छान. तक्रारी येतात हे तुम्हाला माहीत होतं. कॉलेजात तुम्ही त्या खाल्ल्या होत्या. मग दार स्वतःच्या घरी का नाही उघडलंत?"

सरांनी रुमालाची घडी घातली. मग खाली मान घालून म्हणाले, "आमच्या घरात नाही चालत. हिला ऑनलाइन बँक लागते."

छापखानेवाले उठले आणि पुन्हा बसले. ग्रंथपाल बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी निर्लज्ज म्हटलं. वहिनींनी त्यांना म्हणू दिलं. मग त्या स्वतः सुरू झाल्या. नाव लपवायचं जाळं आहे, अक्कल लपवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला बाहेरच्या शत्रूची गरजच पडली नाही. पहिल्या नोटिशीला एकाने जरी दुसऱ्याला फोन केला असता, तरी दुपारभरात सगळं निस्तरलं असतं. तुम्ही प्रत्येकाने लाजेने वायर उपटलीत आणि दुसऱ्याला अंधारात ठेवलंत. अशी यंत्रं कुणाला बंद पाडावी लागत नाहीत, चालवणारा एकटा पडला की आपोआप बंद पडतात.

पुढचं कबुलीनंतर आपोआप ठरलं. तिघांचे सर्व्हर सरांनी त्यांच्यासमोर पुन्हा मधले करायचे. शेवटचं दार उघडायचंच असेल, तर सरांनी भाड्याच्या जागेत, स्वतःच्या नावाने आणि पत्त्याने उघडायचं, तक्रारींना स्वतः उत्तरं द्यायची. डॉक्टर म्हणाले, उत्तरं लिहायला मी मदत करतो. ग्रंथपाल बाई अजून रागावलेल्या होत्या, पण त्यांनी माळ्यावरून गादी काढायला छापखानेवाल्यांना घरी बोलावलं.

चौघं गेले. काकू आवराआवर करत होत्या. "म्हणजे आता लाइन नीट होईल," त्या म्हणाल्या.

वहिनी स्टुलावरून उठल्या नाहीत. या घडीपर्यंत त्यांना फक्त वैताग होता, आता वाईट वाटायला लागलं होतं.

"काकू, लाइन कधी बिघडलीच नव्हती."

काकूंच्या हातातली कात्री थांबली.

"जगात असे हजारो सर्व्हर आहेत, तुम्हीच सांगितलंत. त्यातले तीन गेल्याने तुमची वाट कशी अडेल? आणि तुमची लाइन तुटायला लागली तेव्हा तर पाचही चालू होते. लाइन आधी तुटली, सर्व्हर नंतर पडले. आणखी एक. खरोखर तुटणारी लाइन कधी सांगून तुटते का? तुमच्या लेकीचं 'लाइन तुटतेय' दर वेळी पूर्ण, धडधाकट पोचतं. त्याच्या आधी तुम्ही काय लिहिलेलं असतं?"

काकूंनी कात्री खाली ठेवली.

"रविवारचं लिहिता," वहिनी म्हणाल्या. "तो आला होता, जेवून गेला, असं."

"तो रडतो हो माझ्यापुढे," काकू शेवटी म्हणाल्या. "पाया पडतो. सुधारला असेल असं वाटतं. माणूस चुकतो. मी तिला एवढंच म्हणते, एकदा बोलून बघ त्याच्याशी."

"आणि ती आईला गप्प बस म्हणू शकत नाही. म्हणून लाइनवर ढकलते."

"तुम्हाला पुरावा आणायला सांगितलं होतं. माझी उलटतपासणी घ्यायला नाही."

वहिनींनी ते ऐकून घेतलं. मग पालथा आपटलेला फोन सांगितला, आणि दचकायचंसुद्धा विसरलेली ती शेजारची मुलगी सांगितली. जावयाने लेकीची खबर दोनदा विचारल्याचंही सांगितलं. "भाजी तो तुमच्यासाठी आणत नाही, काकू. बातमीसाठी आणतो."

काकू शिलाई मशीनवर दोन्ही हात ठेवून बसल्या. भाऊजींनी कुठूनसं पाणी आणून दिलं.

लेकीची वेळ झाली. काकूंनी कॉम्प्युटर उघडला. "आई, आलीस का?" एवढं पडद्यावर आलं. काकू एका बोटाने टाइप करत होत्या, मधेमधे खोडत होत्या. लिहायला खूप वेळ लागला.

"तो दर रविवारी येतो. मी त्याला वाढत होते. तू सोसलंस आणि मी त्याच्या रडण्याला भुलले. आता त्याला घरात घेणार नाही. माझं चुकलं."

पाठवलं. पडदा तसाच राहिला. खालून कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला. काकूंनी आपलंच लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं.

"लाइन गेली वाटतं," भाऊजी कुजबुजले. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिडकीपर्यंत मागे सरकले.

मग अक्षरं उमटली.

"आहे मी. मला तुला सगळं सांगायचंय, आई. पहिल्या दिवसापासून. वाचशील ना?"

वहिनींनी भाऊजींना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आत काकूंनी पदराने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, "सांग."